जहाजावरून पत्र येत नाही

हिदार ८, २०११

आजही काही नाही!

कॉफीच्या आधी कॉम्प्युटर लावला, कॉफीनंतर लावला, दुपारी वीज परत आली तेव्हा पुन्हा लावला. 'पत्रं आण' म्हणून बटण दाबायचं, एक चाक गरगर फिरतं, मग इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलेला चौकोन उमटतो, तो मी बंद करते, आणि खाली तेच — नवीन काही नाही. सेब्लेचं शेवटचं पत्र येऊन महिना होत आला. त्यात होतं काय, तर जहाजावरचा आचारी भातात साखर घालतो.

मला त्याच्या भाताशी काय करायचंय! मला एकच गोष्ट कळायला हवी आहे. कप्तान हो म्हणाला की नाही?

माझी पोरगी जहाजाच्या पोटात बसून इंजिनं सांभाळते. भर समुद्रात फोन लागत नाही, चालतं ते फक्त जहाजाचं ई-मेल. म्हणून तर जाताना तिनं हे यंत्र बैठकीच्या खोलीत मांडून दिलं, कागदावर चित्रं काढून आईला शिकवलं — एमेये, हे दाबलं की माझी पत्रं येतील, हे दाबलं की तुझी जातील. आणि जायच्या आदल्या दिवशी मी इंजेराच्या भाकऱ्या भाजत असताना तिनं सहज सांगितलं, अधिकाऱ्यांच्या घरच्या माणसाला एखाद्या टप्प्यापुरतं जहाजावर येता येतं. कप्तानाची परवानगी लागते.

"मग माझ्यासाठी विचार की," मी म्हणाले. हसत हसत म्हणाले. पण चेष्टा करत नव्हते.

सगळी नोकरी पोरांना भूगोल शिकवण्यात गेली. नकाशावर निळा रंग दाखवायचा आणि म्हणायचं, हा समुद्र. एकदा एका पोरीनं विचारलं होतं, बाई, त्याला वास कसला येतो? मी म्हटलं, पुढचा धडा काढा.

बेलाचूला यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगू? लग्न झाल्यापासून त्याला एकट्याला घरी टाकून मी कुठे गेलेली नाही. त्याला साधं शिरोचं पिठलं शिजवता येत नाही! आधी कप्तानाचं कळू दे, मग नवऱ्याचं बघू.


हिदार ९

दिवसभर वीज नाही. म्हणजे आज पत्र न येण्याला निदान कारण तरी आहे.


हिदार १२

मिकाएलचा दिवस. अख्ख्या बहिर दार शहरानं रिवाजाप्रमाणे कचरा जाळला, डोळे चुरचुरताहेत. बेलाचूनं अंगणात एवढा मोठा ढीग पेटवला की शेजारच्या तेवाबेचचे वाळत घातलेले कपडे धुरकट झाले. ती भांडायला आली आणि कॉफीला बसली. तेवाबेचचं भांडण नेहमी असंच संपतं.

तिला सांगितलं, सेब्लेची पत्रं येत नाहीत. समुद्राचं नाही सांगितलं. तिला सांगणं म्हणजे बाजारात सांगणं.

"नजर लागली!" पहिला कप संपायच्या आत तिनं निकाल दिला. "तू ते यंत्र खिडकीत ठेवलंयस. येणारा-जाणारा बघतो. मुलगी जहाजावर, घरात कॉम्प्युटर — जळत नसेल का कोणी?"

"अगं, नजर लागून पत्रं अडतात होय?"

"येशीये, नजर लागून माझ्या गाईचं दूध अडलं होतं. पत्राचं काय घेऊन बसलीस!"

दुसऱ्या कपाला ती उठून घरी गेली आणि तीर्थाची बाटली घेऊन आली. सरळ यंत्रावर शिंपडायला निघाली! मी मध्ये आडवी आले. शेवटी तडजोड झाली — चार थेंब टेबलाच्या पायावर. बेलाचू दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "टपालाची पिशवी कधी हरवली तर आम्ही पोलिसात कळवत होतो."

हा माणूस पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाला, पण नोकरी अंगातून गेलेली नाही. रोज सकाळी चहाच्या आधी शिक्क्याची तारीख बदलायची, ही त्याची उभ्या आयुष्याची पूजा. अजूनही उठल्या उठल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा कागद त्यानंच फाडायचा. मी एकदा फाडला होता, दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

बाकी तीर्थाचा काही उपयोग झाला नाही. टेबलाचा पाय मात्र चकचकीत दिसतोय.


हिदार १४

यंत्र दुरुस्तीला नेलं. बजाज रिक्षात बेलाचूनं ते मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि प्रत्येक खड्ड्याला बजाजवाल्याला असा काही ओरडला की जणू तान्ह्या सेब्लेला दवाखान्यातून घरी आणतोय.

दुकानदार शिकलेला, चुणचुणीत. त्यानं आधी आमच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग म्हणाला, "नेटवर्क."

"अहो, पण महिना झाला! महिनाभर नेटवर्क नाही?"

"आई, नेटवर्क म्हणजे पाहुणे. आले तर आले."

तरी त्यानं ते उघडलं. आतून एवढी धूळ निघाली की मला लाज वाटली, घर झाडत नाही की काय अशी. मग म्हणाला, तुमची पत्रपेटी भरली असेल, मुलीला छोटी पत्रं लिहायला सांगा. कसं सांगू? पत्र लिहून? पुसून-पासून त्यानं ते परत दिलं. पावतीवर तारीख टाकायला यंत्राच्याच कोपऱ्यात बघितलं, १४/०३/२०११ असं लिहिलं, आणि झालं.

घरी आल्यावर बटण दाबलं. चाक फिरलं. चौकोन आला.

काही नाही.


हिदार १५

उपास सुरू. आता गेन्नापर्यंत, म्हणजे नाताळापर्यंत, ना दूध, ना लोणी, ना अंडं. बेलाचू सकाळपासूनच कोंबडीच्या रश्श्याचं नाव काढतोय. नाव काढण्यानं उपास मोडत नाही म्हणे.

आज तो चौकोन बंद न करता नीट वाचला. शाळेतला जुना शब्दकोश काढला. लिहिलंय — समोरच्याचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. कोणाचं प्रमाणपत्र? सेब्लेचं? तिला कामावरून काढलं की काय?

"सेब्लेचं प्रमाणपत्र ते काय, भिंतीवर आहे," बेलाचू म्हणाला. "मी स्वतः चौकट करून लावलंय. लागू झालंय."

त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण मग हे यंत्र कुणाबद्दल बोलतंय?


हिदार १७

सेब्लेला पुन्हा पत्र लिहिलं. माझी पत्रं जातात की नाही देव जाणे. बटण दाबते, पान मिटतं, मी मनाशी म्हणते गेलं असेल. आधी प्रेमानं लिहिलं. मग काळजीनं. आजचं जरा कडकच झालं — 'मुली समुद्रावर गेल्या की त्यांना आई म्हणजे किनारा वाटते. मागे राहिलेला!' लिहिल्यावर माझं मलाच बरं वाटलं. शेवटी मात्र तेच: कप्तानाला विचारलंस का? मला यायचंय गं.


हिदार २१

मरियमचा सण. पांढरी नेतेला ओढणी पांघरून पहाटेच देवळात गेले. सगळ्या बायका मुलांची लग्नं मागत होत्या, गुडघे मागत होत्या, घराचे कागद मागत होत्या. मी काय मागितलं? ई-मेल! आई मरियम, तुझ्या लेकाच्या वेळी एका देवदूतानं येऊन निरोप दिला. मला दोन ओळी पुरतील.

येताना बाजारात रबरी तळाचे कापडी बूट घेतले. जहाजावर लोखंडी जिने असतात, सेब्ले म्हणायची, चपला घसरतात. बेलाचूनं विचारलं, हे कशाला? म्हटलं, गुडघ्यांसाठी.

"गुडघ्यात घालणार?"

आचरट!

बूट पलंगाखाली ठेवलेत. दुपारी कोणी नव्हतं तेव्हा घालून बैठकीत दोन फेऱ्या मारल्या. हलत्या जमिनीवर चालल्यासारखी, जरा झुकत झुकत. वेडीच आहे मी. पण किती दिवसांत अशी हसले नव्हते.


हिदार २६

सापडलं! सापडलं! सगळं नीट लिहून काढते.

आज आशा सोडली होती. म्हटलं, नवीन नाही तर जुनं तरी वाचू. सेब्लेचं ते साखरभाताचं पत्र उघडलं. वर तारीख होती, फिरंगी — २३ ऑक्टोबर २०१८. बरोबरच आहे, फिरंगी लोक आपल्यापुढे सात वर्षं धावतात, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत. मग नजर खाली कोपऱ्यात गेली. तिथे २६/०३/२०११. आज हिदार सव्वीस, हिदार म्हणजे तिसरा महिना, वर्ष दोन हजार अकरा. तेही बरोबर.

दोन्ही बरोबर! पण एकाच यंत्रात दोन कशा?

मग डोक्यात लख्ख झालं. हे यंत्र आपलं नाहीच. ते फिरंगी हिशेबानं चालतं. त्याला वाटतंय, आज फिरंग्यांचं २०११ साल आहे, मार्च महिना. आणि त्या साली सेब्ले बारावीत होती! बोट म्हणजे तिच्या लेखी सरोवरावरची लव्हाळ्याची होडी. कुठलं जहाज, कुठला आचारी, कुठलं पत्र? पलीकडून पत्रांचं ऑफिस आपली ओळख दाखवतं, त्या ओळखीच्या कागदावर २०१८ लिहिलेलं असतं, आणि आमचं हे शहाणं यंत्र म्हणतं — हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही, सात वर्षांनी या!

महिनाभर तो चौकोन खरं बोलत होता. मी, तेवाबेच, दुकानदार — सगळ्यांनी ती कोपऱ्यातली तारीख पाहिली, आणि एकालाही खटकली नाही. कशी खटकणार? आपल्या घरची तारीख होती.

पण यंत्राला ती सांगितली कोणी?

"बेलाचू! ह्याची तारीख तू बदललीस?"

तो अंगणात मिरच्या पसरत होता. "बदलली नाही," काय ते कळल्यासारखा ताठ होऊन म्हणाला, "दुरुस्त केली."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. अगं, सात वर्षं पुढे होता तो! महिना चुकीचा, दिवस चुकीचा. आणि वेळ? ऊन डोक्यावर आलेलं, उजाडल्यापासून मोजले तर सहा वाजलेले, आणि हा म्हणतो बारा! घरात अशी तारीख मी चालू देईन?"

"अरे, ते फिरंगी यंत्र आहे!"

"असेल. पण राहतं कोणाच्या घरात?"

मला आधी हसू आलं. पोट धरून हसले, खाली बसले. मग हसता हसता राग आला. मग पुन्हा हसू. तो मिरचीचे हात तसेच धरून उभा, बायकोला काय झालं ते न कळून.

दिनदर्शिकेवर आपल्या आकड्याखाली लाल बारीक अक्षरात फिरंगी तारीख असते, इतक्या वर्षांत ती कधी वाचली नव्हती. ५ डिसेंबर. मी बसले, वर्ष घातलं, महिना घातला, घड्याळ सहा तास पुढे ढकललं. बेलाचू मागे उभा राहून सुस्कारे टाकत होता. "खोटी तारीख घालतेस, येशी. मी नोकरीत असतो तर..."

"तू नोकरीत नाहीस. गप्प बस."

बटण दाबलं. चाक फिरलं. चौकोन नाही!

आणि मग टण. टण. टण टण टण! तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी पत्रं.


हिदार २६, संध्याकाळी

बेलाचूला बाहेर पाठवून एकटीनं वाचली.

पहिलं — 'एमेये, उद्या कप्तानाशी बोलते.' दुसरं — 'एमेये!!! हो म्हणाला! जिबूतीहून मोम्बासापर्यंत, तिथून विमानानं घरी. तुला माझ्या खोलीतला वरचा बिछाना.' मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली, खरंच घेतली. तिसरं — 'यादी लवकर बंद होणार, हो कळव.' चौथं — 'एमेये, गप्प का? भीती वाटते का? बोटीत मळमळतं, पण दोन दिवसांत जातं.' पुढचं बापाविषयी — 'अबायेंना विचारलं नसशील तर विचार ना. ते चावतात थोडेच.'

आणि शेवटचं, परवाचं. 'समजले मी, एमेये. नको असेल तर नको. कप्तानाला नाही म्हणून सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस. पुन्हा कधीतरी.'

पुन्हा कधीतरी! जेरुसलेमच्या यात्रेच्या वेळीही हेच म्हणालो होतो. दोघांचे पासपोर्ट काढले, मंडळी ठरली, ऐन वेळी यात्रा रद्द झाली. ते पासपोर्ट पेटीत डांबराच्या गोळ्यांबरोबर पडलेत. पुन्हा कधीतरी म्हणजे कधी? माझं वय काय मागे धावतंय?

रडले. लपवायचं काय त्यात, वहीच तर आहे.

आणि मग आठवलं! पत्रं आली त्याच वेळी दुसरीकडे काहीतरी सरसरत गेलं होतं. बघितलं तर माझी पत्रं! महिनाभर एकही गेलेलं नव्हतं, सगळी आतच तुंबून बसली होती, आणि आज दार उघडल्याबरोबर एकदम पळाली. प्रेमाचं, काळजीचं, ते किनाऱ्याचं कडक, बूट घेतल्याचं, आई मरियमकडे तक्रार केल्याचं — आणि प्रत्येकाच्या शेवटी, मला यायचंय, मला यायचंय.

आता सेब्लेला काय वाटेल? आई वेडी झाली असंच वाटणार! म्हणून तारखेचा सगळा घोळही लगेच लिहून पाठवला.


हिदार २७

बेलाचूशी बोलत नाहीये. त्याला वाटतंय, महिनाभराची पत्रं अडली म्हणून मी चिडलेय. खरं कारण त्याला सांगता येत नाही, म्हणून जास्तच चीड येतेय.

सकाळी तो स्वतः कॉफी भाजायला बसला. ह्या घरात हे पहिल्यांदाच! निम्मे दाणे कोळसा झाले. कप समोर ठेवून म्हणाला, "शिक्का मी चुकीचा मारला, मान्य. पण तारीख बरोबर होती."

प्यायले. कडू होती. दुसरा कपही मागितला.


हिदार २९

आलं! आलं! आलं!

सगळं पत्रच उतरवून घेते:

'एमेये, तुझी सगळी पत्रं एकाच दुपारी आली. मी जेवणाच्या टेबलावर वाचत होते आणि हसत होते आणि रडत होते, म्हणून सगळ्यांनी विचारलं काय झालं. मग इंग्रजीत वाचून दाखवली. आचाऱ्यानं तर किनाऱ्याचं वाक्य दोनदा ऐकलं आणि आपल्या आईला लिहायला बसला. आणि अबायेंच्या तारखेचं कळल्यावर कप्तान — हा कधी हसत नाही, एमेये — टेबलावर डोकं ठेवून हसला. म्हणाला, ही बाई आलीच पाहिजे. नाव परत घातलंय. जिबूतीच्या बंदरात पुढच्या महिन्यात, ताहसास बाराला. मुद्दाम आपल्या हिशेबानं लिहितेय! दोघांच्याही पासपोर्टचे फोटो लगेच पाठव. अबाये सोडायला येणार असतील तर बंदराच्या फाटकातून आत यायलाही लागतो.'

मी अंगणात गेले, लिंबाच्या झाडाला मिठी मारली. काटे टोचले. काही वाटलं नाही.


हिदार ३०

पेटीतून पासपोर्ट काढले, फोटो पाठवले. चाक फिरलं, 'गेलं' म्हणाला. आता मीही त्याच्याकडून पावती घेतल्याशिवाय उठत नाही.

राहिला बेलाचू. आज तीनदा तोंड उघडलं. एकदा म्हणाले, मीठ दे. एकदा, पाऊस नाही येणार ना. एकदा नुसतीच खोकले.

कप्तानाला राजी करणं सोपं होतं, तो परका.


ताहसास २

सांगितलं.

दुपारच्या कॉफीला तेवाबेच नव्हती, तेवढ्यात उरकून टाकलं. कप खाली ठेवला आणि एका दमात — जहाज, कप्तान, मोम्बासा, वरचा बिछाना, सगळं. "तुला विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणशील ह्याची भीती नव्हती. तू हो म्हणशील आणि मग तोंड पाडून बसशील, ह्याची होती."

बेलाचूचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय की काय! हसत होता.

"सेब्लेनं तुला सांगितलं नाही?" म्हणाला.

"काय सांगितलं नाही?"

"सेब्लेला बसवर सोडायला मी गेलो होतो ना. तेव्हा मीच तिला म्हणालो — तुझ्या आईनं जन्मभर पोरांना समुद्र शिकवला आणि स्वतः पाहिला नाही. एकदा घेऊन जा तिला. आईला सांगू नकोस, ठरलं की मी सांगेन."

पोरीनं दोघांचं ऐकलं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळू दिलं नाही!

"मग महिनाभर गप्प कसा राहिलास?"

"पत्र कुठे आलं होतं?" तो म्हणाला. "तू सकाळी बाजारात गेलीस की मी रोज ते यंत्र लावून बसायचो. म्हटलं, सेब्लेनं कळवलं असेल तर तुझ्याआधी मला कळावं. पण त्यात पत्र कुठे दिसतं ते मला कळेना. सगळं इंग्रजीत. त्यातली तारीख तेवढी कळली. ती चुकीची होती. म्हटलं, पत्र सापडत नाही तर निदान हे तरी काम करावं."

मग तो आत गेला आणि पलंगाखालचे माझे बूट घेऊन आला. त्यांच्यात त्यानं लोकरी मोजे कोंबून ठेवले होते. कधी ठेवले कोण जाणे! म्हणाला, समुद्रावर वारा असतो असं ऐकलंय.

"आणि तू काय खाणार रे इथे?"

"तेवाबेच मला शिरो शिकवतेय. परवापासून गुठळ्या होत नाहीत."

तेवाबेचला माहीत होतं! तेवाबेचनं, बाजारात ओरडत फिरणाऱ्या तेवाबेचनं, एक गोष्ट पोटात ठेवली! माझ्या नवऱ्यासाठी! नजर लागली म्हणत माझ्या टेबलावर तीर्थ शिंपडत बसली, आणि सगळा वेळ हे माहीत होतं!

ह्या माणसाबरोबर एवढी वर्षं काढली आणि हा मला अजून पुरता कळलेला नाही, हे आज कळलं. त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, कॉफी निवतेय.


ताहसास १०

अदिसहून जिबूतीची रेल्वे. बेलाचू बंदरापर्यंत येतोय, मला चढवून परवाच्या गाडीनं माघारी. एकच सदरा आणलाय त्यानं. स्टेशनच्या फलाटावरच्या घड्याळापाशी थांबला, बघितलं, तोंड उघडलं. मी दंड धरून पुढे ओढला.


ताहसास १२, जिबूती बंदर

घाईत लिहितेय, वही गुडघ्यावर.

समुद्र पाहिला. पोरींनो, वास मिठाचा, माशाचा आणि तेलाचा. आणि निळा मुळीच नाही, निदान सकाळी तरी. बेलाचूनं ओंजळ भरून चव घेतली, थुंकला, म्हणाला, "मीठ जास्त झालंय." किती वेळ तसाच पाण्याकडे बघत उभा राहिला, मी हाक मारली नाही.

सेब्ले जहाजाच्या शिडीवरून धावत उतरली. नारिंगी कपडे, गालाला काळं, डोक्यावर हेल्मेट, हातात पाहुण्याचं हेल्मेट. एक नाही, दोन.

बेलाचूनं मागे वळून पाहिलं — आणखी कोण आलंय म्हणून.